‘शब्दसाठा कमी’ हा शेरा मी नक्की कुणावर मारला?

खडूची धूळ

धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मी बालवर्गाची बाई. अकरा वर्षं झाली. वर्गात तीन ते साडेपाच वयाची बावीस मुलं आहेत आणि ती एका साच्यातली नाहीत. कुणाला स्वतःची खोली आहे, कुणाच्या घरी एका खोलीत सात माणसं आहेत. चौघांची घरची भाषा वर्गातल्या भाषेहून वेगळी आहे. एकाचं हे तीन वर्षांतलं चौथं घर.

वर्षातून दोनदा आम्ही प्रत्येक मुलाचं निरीक्षण-पत्रक भरतो. भाषेसाठी बत्तीस चित्रकार्डांचा संच आहे. एकेक कार्ड दाखवायचं, मुलानं नाव सांगितलं की खूण करायची. मागच्या महिन्यात चार वर्षांच्या एका मुलीनं बत्तीसपैकी अकरा ओळखली. मी सवयीनं लिहून मोकळी झाले: ‘शब्दसाठा कमी. घरी मुलीशी अधिक बोलावे.’ असे शेरे हात आपोआप लिहितो. कुणी मास्तरकी केली असेल त्याला कळेल.

दुसऱ्या दिवशी तिची आई दारात हजर. मला वाटलं, भांडायला आली. ती म्हणाली, "बाई, बोलायचं ते कधी बोलू? मी निघते तेव्हा ती झोपेत असते. परत येते तेव्हा मला उभं राहवत नाही आणि धाकटा रडत असतो. तुम्ही वेळ सांगा, त्या वेळेला बोलते."

टोमणा नव्हता हो त्यात. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, असं डॉक्टरला विचारावं तसं विचारत होती. मी ‘जमेल तसं बोला’ असं काहीतरी पुटपुटले आणि वर्गात पळाले.

त्याच आठवड्यात ही मुलगी वाळूत बसून मैत्रिणीला बाळ कसं झोपवायचं ते सांगत होती. "आधी पाठीवर गोल गोल करायचं. मग हळू करायचं. एकदम नाही थांबायचं, एकदम थांबलं की त्याला कळतं. झोपला असं वाटलं तरी जायचं नाही, कारण तो कधी कधी खोटं खोटं झोपतो." मी मागे उभी राहून ऐकलं. ‘असं वाटलं तरी’, ‘कारण’, ‘कधी कधी’. चार वर्षांच्या पोरीनं एका दमात एवढं बांधून बोलावं हे सोपं नाही. पण माझ्या कार्डांत शहामृग आहे, कारंजं आहे, दुर्बीण आहे. रडणारं बाळ नाही.

(ज्या मुलानं तीस कार्डं ओळखली त्यानं शहामृग प्रत्यक्ष पाहिला होता. तसं त्यानं मला दहा मिनिटं सांगितलं.)

आता माझा घोळ ऐका. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं की गरीब घरातलं मूल पहिल्या तीन-चार वर्षांत तीन कोटी शब्द कमी ऐकतं आणि मागे पडणं तिथून सुरू होतं. पालकसभेत मी हे अकरा वर्षं घोकत आले. खरं आहे का ते? की एका तऱ्हेच्या घराची मोजपट्टी आपण सगळ्यांना लावतोय? बरं, परिस्थितीचा परिणामच होत नाही असंही मला म्हणवत नाही. मी रोज मुलं बघते. काही जण सकाळी येतात तेच दमलेले. मग गरिबी मुलाच्या आत पोचते ती कुठल्या वाटेनं?

शंकासुर

बाई, इतकं मनाला लावून घेऊ नका. आम्ही पाच भावंडं. आमची इयत्ता कोणती हे वडिलांना सांगता यायचं नाही. आमच्याशी कुणी ‘संवाद’ साधला नाही, तरी सगळे मार्गी लागलो. हल्ली मूल शिंकलं तरी त्याला विकासाचा टप्पा म्हणतात.

खडूची धूळ

@शंकासुर, पाच भावंडं म्हणजे बोलायला चौघं घरातच होती की! आणि जे मार्गी लागले नाहीत ते इथे प्रतिसाद द्यायला येत नाहीत, हेही आहेच.

कानगोष्ट

मी स्पीच थेरपिस्ट आहे, म्हणून शब्दांच्या आधी कानांवर येते. तिचे कान तपासलेत का? लहान मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. बरेचदा दुखत नाही, ताप नसतो, नुसतं ऐकू कमी येतं, आणि तेही आज येतं तर उद्या नाही. कानात बोटं घालून दिवस काढून बघा. दाटीवाटीचं घर, धूर, सतत सर्दी आणि दवाखान्यात जायला होणारा उशीर, यांत हे दुखणं वाढतं. असं मूल समोरून बोललं की उत्तर देतं, मागून हाक मारली की वळत नाही. आपण लिहितो, ‘लक्ष नाही’.

रक्तातलं लोहही बघा. सहा महिने ते दोन वर्षं या वयात ते कमी पडलं तर मूल मरगळतं, आईला चिकटून बसतं, नव्या वस्तूला हात घालत नाही. जुन्या रंगाच्या पोपड्यांतलं शिसं आणखी वेगळं. मुलांच्या रक्तात त्याची निर्धोक अशी पातळीच नाही. तुम्ही वाट विचारलीत ना? या पण गरिबीच्याच वाटा. त्यांच्यावर ‘घरी अधिक बोलावे’ हे औषध नाही.

आता तीन कोटी. हा आकडा बेट्टी हार्ट आणि टॉड रिझ्ली यांच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या कामातून निघाला. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीची ४२ कुटुंबं, प्रत्येक घरी महिन्याला एक तास, सुमारे अडीच वर्षं. मेहनत प्रचंड, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं सहा. फक्त सहा. त्या घरांत ऐकलेल्या तासांना वर्षांनी गुणलं की कोटी होतात. शिवाय परकं माणूस टेपरेकॉर्डर घेऊन घरात बसलंय म्हटल्यावर कुठली आई मोकळी बोलेल आणि कुठली ओठ मिटून घेईल, हे तुम्हीच सांगा.

२०१८ मध्ये डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्याच पाच निरनिराळ्या समुदायांतल्या नोंदी तपासल्या. घरातल्या इतरांचं आणि मुलाच्या अवतीभवती चाललेलं बोलणं हिशेबात धरलं तेव्हा ती दरी तशी उरली नाही. एकाच उत्पन्नगटातल्या दोन घरांत मात्र खूप अंतर निघालं. मेक्सिकोतल्या त्सेल्ताल माया वस्तीत मारिसा कासियास यांनी मोजलं, तर तीन वर्षांखालच्या मुलांशी थेट बोलणं तासाला चार मिनिटंही भरत नव्हतं. तरी पहिला शब्द, मग दोन शब्दांची जोडी, हे टप्पे ती मुलं इतरांच्याच वयात गाठतात. तिथे बाळ पाठीशी बांधलेलं असतं आणि मोठ्यांचा दिवस त्याच्या कानावरून जात असतो.

पण म्हणून दुसऱ्या टोकाला जाऊ नका. स्टॅनफर्डच्या ॲन फर्नाल्ड यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला कार्डांपेक्षा प्रामाणिक वाटतो. अठरा महिन्यांच्या मुलाला दोन चित्रं दाखवायची, ओळखीच्या वस्तूचं नाव घ्यायचं आणि नजर बरोबर चित्राकडे किती पटकन जाते ते मोजायचं. इथे शहामृग नाही, रोजचेच शब्द. तरीसुद्धा सुस्थितीतल्या आणि ओढगस्तीतल्या घरांच्या मुलांत फरक होता, आणि दोन वर्षांच्या वयाला तो सहा महिन्यांच्या अंतराइतका भरला. म्हणजे काहीतरी घडतं, ते फार लवकर घडतं, आणि सगळंच मोजपट्टीचं पाप नाही.

मला पटतं ते असं. शब्दांच्या ढिगापेक्षा फेऱ्या महत्त्वाच्या. तू बोललास, मी बोलले, तू परत बोललास, ही एक फेरी. रेचल रोमिओ यांनी चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरचं बोलणं मुद्रित केलं आणि मेंदूचे स्कॅनही काढले. ज्यांच्या घरी फेऱ्या जास्त, त्यांच्या मेंदूतला भाषेचा भाग गोष्ट ऐकताना जास्त कामाला लागलेला. घरचं उत्पन्न आणि मोठ्यांनी उच्चारलेल्या शब्दांची संख्या बाजूला काढूनही हे टिकलं.

तुमची ती बाळ थोपटणारी मुलगी कुणाशी तरी भरपूर फेऱ्या मारतेय. कुणाशी, ते शोधा. आणि ज्या चौघांची भाषा वेगळी आहे त्यांना कार्डं दोन्ही भाषांत विचारा. एका भाषेत मोजून मूल अर्धंच दिसतं.

रात्रपाळी

मी शिक्षकबिक्षक नाही. बाप आहे. नाव बघून कळलं असेल काय करतो ते.

खडूताई, ती बाई तुमच्या दारात आली ना, तिनं त्या दिवसाचे तास कापून घेतले असणार. मी पण एकदा असाच गेलो होतो. दोन मिनिटांचं बोलणं झालं आणि अर्धा रोज गेला.

आमचं एकच खोलीचं घर. मी सकाळी येऊन झोपतो. माझा मुलगा तेव्हा दोन-अडीच वर्षांचा होता, दिवसभर त्याच खोलीत. बायको त्याला एकच सांगायची: "शू, बाबा झोपलेत." तो शिकला. इतका छान शिकला की ठोकळ्यावर ठोकळा ठेवताना मधे बोट घालायचा, आवाज होऊ नये म्हणून, आणि मग हळूच बोट काढायचा. पडला मनोरा तर स्वतःच्या अंगावर पाडून घ्यायचा. मी एकदा डोळे अर्धे उघडून हे बघितलं आणि नंतर मला झोप लागली नाही.

बालवर्गात गेल्यावर शेरा काय आला? ‘बुजरा आहे. व्यक्त होत नाही.’

बुजरा नव्हता. तो घर सांभाळत होता.

बोलायचं म्हणाल तर सुट्टीच्या दिवशीसुद्धा डोक्यात मोकळी जागा नसते. पोरगं काहीतरी दाखवत असतं, मी ‘हं हं’ करत असतो, आत आकडेमोड चालू. भाडं दिलं तर काय राहतं, नाही दिलं तर तो किती दिवस थांबेल. त्याला कळतं बाबा ऐकत नाहीत. दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारत नाही. तुम्ही फेरी म्हणता ती अशी तुटते. प्रेम कमी नाही हो. त्या वेळी माणूस जागेवर नसतो, बस.

चालता-बोलता

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद आमच्या वेळी प्रशिक्षणात वाचायला मिळाला असता तर माझी पहिली दोन वर्षं वाया गेली नसती.

मी नऊ वर्षं घरभेटी दिल्या. आठवड्यातून एक तास, एका घरी, दीड-दोन वर्षांच्या मुलाबरोबर खेळायचं असा कार्यक्रम होता. सुरुवातीला आमच्याकडे खेळण्यांची चकचकीत पिशवी असायची. एका घरी मी ती आठवडाभर ठेवून आलो. पुढच्या वेळी गेलो तर पिशवी कपाटावर, वर कापड झाकलेलं. त्या माउलीनं एकेक खेळणं पुसून मला परत दिलं. "मोडलं असतं तर भरून कुठून दिलं असतं?" मुलानं आठवडाभर ती पिशवी खालून बघितली.

दुसरी चूक याहून मोठी. मी मुलाशी खेळायला बसलो की आई उठून कामाला लागायची. तासभर पोर कुणीतरी सांभाळतंय, यापेक्षा मोठी मदत तिच्यासाठी कुठली? मला वाटायचं तिला रस नाही. खरं तर मीच तिच्या जागी बसलो होतो.

पुढे जमैकाचं काम वाचनात आलं तेव्हा डोळे उघडले. किंग्स्टनमध्ये १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी ९ ते २४ महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ मुलं घेतली. काहींना पूरक आहार, काहींना आठवड्याला तासभराची घरभेट, काहींना दोन्ही, काहींना दोन्हींतलं काही नाही. दोन वर्षं. भेटीला जाणाऱ्या बायका त्याच भागातल्या आरोग्यसेविका होत्या आणि खेळणी घरातल्या टाकाऊ वस्तूंची केलेली. मुख्य म्हणजे त्या स्वतः खेळून निघून जात नसत. आईला खेळायला बसवायच्या आणि तिला जमतंय हे तिला दाखवून द्यायच्या. वीस वर्षांनी, म्हणजे ती पोरं बावीसच्या आसपास असताना, पुन्हा शोधून काढली. ज्यांच्या घरी भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई भेटी न झालेल्यांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त होती. नुसत्या आहारानं असा टिकाऊ फरक दिसला नाही. (याचा अर्थ आहार नको असा कुणी काढेल, तर त्यानं उपाशी पोटी माझ्याशी वाद घालायला यावं.)

रात्रपाळींनी डोक्यातल्या आकडेमोडीबद्दल लिहिलंय, त्यावरही एक काम आहे. ते २०१३ साली प्रसिद्ध झालं. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस-शेतकऱ्यांची कोडी सोडवण्याची चाचणी घेतली गेली. एकदा तोडणीआधी, हात आखडलेले असताना. एकदा तोडणीनंतर, पैसे आल्यावर. माणूस तोच. तोडणीआधी त्याला ती कोडी स्पष्टपणे कमी जमली. हाच माणूस त्या महिन्यांत बाप म्हणूनही घरात वावरत असतो, एवढंच मी त्याला जोडेन.

मग पैसेच द्यावेत का? मी बरीच वर्षं ‘हो, द्या आणि बाजूला व्हा’ असं म्हणायचो. आता जरा सावध झालोय. उत्तर कॅरोलिनातल्या चेरोकी लोकांच्या वस्तीत १९९० च्या दशकात कॅसिनो उघडला आणि नफ्याचा वाटा प्रत्येकाला मिळू लागला. तिथल्या मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास १९९३ पासून चालूच होता, त्यामुळे आधीचं आणि नंतरचं दोन्ही दिसलं. जी घरं दारिद्र्यातून वर आली त्यांच्या मुलांचं भांडखोर, बेबंद वागणं चार वर्षांत कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर आलं. कारण शोधलं तर निघालं, आईबापांना पोरांकडे बघायला उसंत मिळाली. पण उदासी, घोर लागणं, हे तितकं हललं नाही. आणि ती मुलं मोठी होती, नऊ वर्षांच्या पुढची.

तान्ह्या बाळांसाठी अमेरिकेत २०१८-१९ मध्ये एक हजार गरीब आया घेऊन प्रयोग सुरू झाला. चिठ्ठी टाकून काहींना महिन्याला ३३३ डॉलर, काहींना २०. वर्षाच्या बाळांच्या मेंदूच्या लहरींत फरक दिसला आणि २०२२ मध्ये त्याचा मोठा गाजावाजा झाला. चौथ्या वर्षी भाषा, एकाग्रता वगैरे मोजलं तेव्हा दोन गटांत दखल घ्यावी असा फरक निघाला नाही. मधे कोविड आला, बऱ्याच घरांना सरकारी मदत मिळाली, ते सगळं खरं. तरी जो आकडा आपल्या बाजूचा नाही तोही सांगावा लागतो. माझं मत विचाराल तर पैसे द्यावेतच, पण बाळाचा मेंदू वाढेल या बोलीवर नव्हे. घरभाडं थकलेलं नसावं हे त्याशिवायही योग्यच आहे.

शंकासुर

मी काही अगदीच दगड नाही. रात्रपाळींचं वाचून गप्प झालो होतो. पण एक विचारू? परिस्थिती बदलणं आपल्या हातात नाही, स्वभाव घडवणं आहे. तो मार्शमेलोचा प्रयोग आहे ना, मुलासमोर एक मिठाई ठेवायची आणि ‘मी येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन मिळतील’ म्हणायचं, त्यात जी मुलं थांबली ती पुढे यशस्वी झाली म्हणतात. मग वर्गात संयमच शिकवा की.

खडूची धूळ

हे माझ्या वर्गात रोज दिसतं म्हणून विचारते. माझा एक मुलगा, तोच चौथ्या घरवाला, खडू वाटले की चड्डीच्या खिशात दोन कोंबतो. रोज. मी रोज सांगते, उद्याही मिळणार आहेत. तो मान हलवतो आणि कोंबतो. हा संयमाचा अभाव का?

चालता-बोलता

@शंकासुर, वॉल्टर मिशेल यांचा मूळचा प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत झाला. म्हणजे मुलं बव्हंशी विद्यापीठातल्या लोकांची. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त, कितीतरी जास्त तऱ्हांच्या घरांतल्या मुलांची माहिती घेऊन टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी तेच तपासलं. थांबण्याचा पुढच्या यशाशी संबंध निम्मा भरला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर त्यातलाही बराचसा विरून गेला.

खडूताईंच्या त्या खिशात खडू कोंबणाऱ्या मुलाचं उत्तर मात्र संशोधक सेलेस्ट किड यांच्याकडे आहे. त्यांनी पूर्वी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम केलं होतं, तिथली मुलं हाती आलेली वस्तू कशी झटपट संपवतात ते पाहिलं होतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांची २८ मुलं होती. आधी मुलाला चित्र काढायला साधेच खडू दिले आणि सांगितलं, थांब, याहून छान आणते. निम्म्यांना खरंच आणून दिले. निम्म्यांकडे ती बाई रिकाम्या हातांनी परत आली: "चुकलं माझं, नाहीयेत." मग मार्शमेलो. ज्यांना शब्द पाळणारी बाई भेटली होती ती सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं होतं ती तीन.

मुलं तशीच, बाई बदलली. ज्या पोराची तीन वर्षांत चार घरं झाली, त्याला ‘उद्याही मिळेल’ या वाक्यावर विश्वास ठेवायला आतापर्यंत कुणी शिकवलं असेल? खिशात कोंबणं हा त्याचा हिशेब आहे आणि तो त्याच्या अनुभवानुसार बरोबर आहे. कोंबू द्या. आणि उद्या न चुकता खडू द्या.

कानगोष्ट

+१. फक्त धुण्याआधी खिसे तपासा म्हणून घरी कळवा. अनुभवाचे बोल.

खडूची धूळ

तीन आठवड्यांनी लिहितेय.

मुलीचे कान उत्तम निघाले. पण कानगोष्टताईंचं वाचून मी सगळ्यांनाच पाठीमागून हाका मारून पाहिल्या. दोघं वळले नाहीत. त्यांतल्या एकाच्या दोन्ही कानांत पाणी होतं. गेल्या वर्षीच्या त्याच्या पत्रकात ‘सूचना पाळत नाही’ असं लिहिलंय, माझ्याच अक्षरात. ते पान मी दोनदा उघडून बघितलं.

फेऱ्या कुणाशी, तेही सापडलं. आई कामावर असते तेव्हा शेजारच्या एक आजी दोघा भावंडांना सांभाळतात. त्यांची भाषा वेगळी, आणि आजींना दिसत नाही फारसं. त्यामुळे घरात काय चाललंय, बाळ काय करतंय, दाराशी कोण आलं, हे सगळं मुलगी त्यांना दिवसभर सांगत असते. आजी विचारतात, ही सांगते. आजींच्या भाषेत कार्डं विचारायला मी एका सहकारी बाईंना बसवलं. अकराची एकोणीस झाली. शहामृग दोन्ही भाषांत नाही. न का असेना.

खडूवाल्याला मी काही बोलत नाही आता. रोज वाटताना त्याच्यापासून सुरुवात करते. परवा त्यानं एक खिशात घातला, एक परत डब्यात ठेवला. काल पुन्हा दोन. बघू.

रात्रपाळी, तुमचं ‘तास कापून’ डोक्यात बसलं होतं, म्हणून या वेळी आईला बोलावलं नाही. तिच्या परतायच्या वेळेला मीच रस्त्यात गाठलं आणि पत्रक हातात दिलं. जुना शेरा खोडून लिहिलं होतं: ‘बाळाला थोपटून कसे झोपवावे हे क्रमाने, कारणांसह सांगते. दोन भाषा वापरते.’

तिनं दिव्याखाली उभं राहून हळूहळू दोनदा वाचलं. मग म्हणाली, "बाई, थोपटून नाही. थोपटते मी. ती बोटानं गोल गोल काढते, त्यानं तो लवकर झोपतो."

मी तिच्याच पाठीवर कागद टेकवून दुरुस्त केलं.